आजीच्या तांब्यात कोण दिसतं? जुन्या घरगुती वस्तूंचे फोटो घरच्या घरी, टप्प्याटप्प्याने

लग्नसराई संपून माळे आवरायला निघाले की ओळखीपाळखीच्या लोकांकडून मला फोटो येऊ लागतात. "दादा, पणजीचा तांब्या सापडला. फोटो काही नीट येईना, बघा जरा." उघडून बघावं तर फोटोत तांब्या असतो आणि त्याच्या पोटात आख्खं घर असतं. वर ट्यूबलाइट, बाजूला टीव्ही, भिंतीवर कॅलेंडर आणि मधोमध बनियनवर मोबाइल धरून उभी असलेली स्वारी.

घासलेल्या पितळेला स्वतःचं रूप फार थोडं असतं. समोर जे असेल ते ते दाखवतं. म्हणजे तांब्याचा फोटो काढताना तुम्ही खरं तर खोलीचा फोटो काढत असता आणि मांडायची असते ती खोली. हे ध्यानात न घेतल्यामुळे बहुतेकांचा क्रम उलटा होतो. आधी मोबाइल उघडतात, मग वस्तू ठेवतात, मग मागे लावायला चादर शोधतात आणि उजेडाची आठवण सगळ्यात शेवटी येते. खाली दिलेला क्रम पाळा, एकही टप्पा पुढेमागे करू नका. महागडा कॅमेरा लागत नाही, पण अर्धा दिवस मोकळा हवा.

आधी जमवून ठेवायचं सामान

पांढरे कार्डशीट दोन, काळे कार्डशीट दोन (स्टेशनरीच्या दुकानात मिळतात), एक जुनं पातळ पांढरं सुती धोतर, दोरी, कपड्यांचे चिमटे, मऊ ब्रश (रंगकामाचा दोन इंची, कोरा), दोन स्वच्छ सुती फडकी आणि तिपाई. तिपाई नसेल तर विटांची चवड आणि त्यावर मोबाइल टेकवायला तांदळाची छोटी पिशवी. एवढं पुरतं. बाजारात आतून एलईडी लावलेल्या पांढऱ्या पेट्या मिळतात, त्या घेऊ नका. त्यात सगळ्या बाजूंनी सारखा उजेड पडतो आणि घागर स्टीलच्या दुकानातल्या जाहिरातीसारखी दिसते.

टप्पा १ : वस्तू उतरवणं आणि निवडणं

माळ्यावरून पाच-पन्नास वस्तू निघतील. एका फोटोत तीनपेक्षा जास्त घेऊ नका, पहिल्या दिवशी तर एकच घ्या. सुरुवातीला घागर किंवा हंडा नको. आकार मोठा, पोट गोल, त्यामुळे सगळी खोली त्यात उतरते. लाकडी पायली, जात्याची तळी, अडकित्ता, सूप अशा न चमकणाऱ्या वस्तूंवर हात बसवा आणि मग पितळेकडे या.

जोड्या लावताना त्या वस्तू घरात खरोखर एकमेकींच्या शेजारी असायच्या का, ते विचारा. शक्यतो घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. पायली, अधोली आणि शेर ही मापं एकत्र शोभतात, कारण ती एकाच कोठीत असत आणि आकाराने उतरती असतात : पायलीचे चार शेर, अधोली म्हणजे त्यातली अर्धी. पण अडकित्त्याशेजारी समई आणि समईशेजारी रेडिओ ठेवला की जुना बाजार दिसू लागतो.

⚠ माळ्यावरच्या भांड्यात थेट हात घालू नका. आधी काठीने ठोका, मग जमिनीवर उपडं करा. आपल्याकडे खान्देशात उन्हाळ्यात विंचू नेमका अशाच थंड, अंधाऱ्या जागी बसतो.

⚠ जुना व्हॉल्व्हचा रेडिओ "दिवा लागलेला छान दिसेल" म्हणून प्लगला लावू नका. आतल्या वायरींवरचं रबर सुकलेलं असतं. मागचं झाकणही उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. कंदिलात आणि स्टोव्हमध्ये राहिलेलं रॉकेल आधी ओतून काढा.

टप्पा २ : साफसफाई, आणि ती कुठे थांबवायची

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते परत भरून येत नाही.

आधी ठरवा : वस्तू वापरातली दिसायला हवी की ठेवणीतली? पितळेवर वर्षानुवर्षं जो तपकिरी-काळसर थर चढतो, तो फोटोत फार कामाचा असतो. त्याने चमक दबते, कडा उठून दिसतात, खोली कमी उमटते. घासूनपुसून लख्ख केलेला तांब्या हाताळायला दुप्पट अवघड. म्हणून माझा सल्ला असा, की पहिला फोटो न घासता काढा. घासायचं नंतर कधीही करता येतं.

न घासता म्हणजे मळकट नव्हे. कोरड्या ब्रशने धूळ झटका. मग कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, आणि लगेच कोरडं पुसणं. पाणी आपोआप वाळू दिलंत तर थेंबांचे पांढरे डाग राहतात. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने तर हमखास.

घासायचंच असेल तर चिंच आणि मीठ लावून हात चालता ठेवा, एक-दोन मिनिटांत धुऊन टाका. चिंच लावून तासभर ठेवली की पितळेतलं जस्त निघून वर तांबं उरतं आणि भांड्यावर गुलाबी ढग दिसतात. मी एका चरवीचं असंच वाटोळं केलं आहे. आई नुसती बघत होती. शेवटी म्हणाली, "अरे, भांडं धुवायचं होतं की रंगवायचं?"

भांड्याच्या आतली कल्हई घासू नका. ती म्हणजे कथलाचा पातळ थर, तारेच्या घासणीने निघून जातो. तोंडाशी कल्हईची पांढरट कड आणि बाहेर पिवळं पितळ, ही रेघ फोटोत सुंदर दिसते.

लाकडाला पाणी लावायचं नाही. काठवट, पायली, पोळपाट कोरड्या ब्रशनेच साफ करा. तेलाचा हात फिरवायचा मोह आवरा. तेलाने लाकूड गडद होतं आणि त्यावर उजेडाचे चिकट ठिपके पडतात. खापराची, म्हणजे मांडे भाजायच्या मातीच्या भांड्याची, काजळी तर अजिबात पुसू नका, ती निघाली की ते कुठलंही मडकं वाटतं.

⚠ तांब्या-पितळेवर हिरवी पूड असेल तर ती फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि हात साबणाने धुवा. ती विषारी असते.

✔ तपासा : आता यापुढे वस्तू उचलायची ती फडक्यानेच. घासलेल्या पितळेवर बोटांचे ठसे डोळ्यांना चटकन दिसत नाहीत, फोटोत मात्र पोलीस ठाण्यात घेतल्यासारखे स्वच्छ दिसतात.

टप्पा ३ : खिडकी आणि वेळ

घरातले सगळे दिवे बंद करा. सगळे म्हणजे देवघरातला लाल बल्बसुद्धा. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा आणि एलईडीचा आणखी तिसराच. तिन्ही एकत्र आले की पितळेची एक बाजू हिरवी आणि दुसरी नारिंगी दिसते, आणि ती नंतर कुठल्याही ॲपने सुधारत नाही. भारनियमनाचं वेळापत्रक हाताशी असेल तर तीच वेळ धरा. एवढं एक काम भारनियमनात चांगलं होतं.

खिडकी कुठली? पुस्तकं सांगतात, उत्तरेची घ्या, तिथे ऊन येत नाही. ती पुस्तकं बहुधा थंड मुलखातली. खान्देश २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला दुपारचा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतो, आणि या दोन्हींच्या मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडूनच जातो. म्हणजे जूनमध्ये उत्तरेच्या खिडकीतून सकाळ-संध्याकाळ चक्क तिरकं ऊन आत येतं. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत मात्र उत्तरेची खिडकी दिवसभर भरवशाची. डिसेंबरात दक्षिणेची खिडकीही चांगली, सूर्य खाली असल्यामुळे उजेड खोलवर येतो, फक्त धोतर आडवं लावावं लागतं.

उन्हाळ्यात दुपारची वेळ सोडूनच द्या. बारा ते चार आपण खिडक्या उन्हामुळे बंदच ठेवतो. सकाळी सात ते नऊ काम उरका. पंखा बंद ठेवावा लागेल, कारण धोतर हललं की उजेड हलतो. मे महिन्यात भुसावळसारख्या गावात पंखा बंद करून अर्धा तास बसणं म्हणजे काय ते सांगायला नको, पण कपाळावरचा घामाचा थेंब नेमका घासलेल्या घागरीवर पडतो, म्हणून खांद्यावर टॉवेल असू द्या.

गावी धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर शाबूत असेल तर नशीबवान आहात. धाब्याला उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेलं सानं हा वरून येणाऱ्या उजेडाचा तयार झोत आहे. पण तो जसाच्या तसा वापरू नका. भांड्याची कड पांढरीफटक आणि पोट काळं ठिक्कर पडतं. धाब्यावर चढून सान्यावर पातळ पांढरं कापड टाका, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा, आणि खाली भांड्याच्या पुढ्यात, फोटोच्या चौकटीबाहेर, जमिनीवर पांढरा कार्डशीट पसरा. तो उजेड उचलून पोटावर देतो.

✔ तपासा : खिडकीजवळ हात धरा. हाताची सावली धारदार पडत असेल तर धोतर हवं. सावलीची कड विरघळलेली असेल तर पुढे चला.

टप्पा ४ : बैठक आणि मागचा पडदा

टेबल खिडकीला चिकटवू नका, दोन-अडीच फूट अंतर ठेवा. खिडकी वस्तूच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला हवी. पाठीमागे नको, तुमच्या पाठीमागे तर नकोच. तुमच्या पाठीमागून उजेड आला की वस्तू सपाट होते आणि तुमची सावली तिच्यावर पडते.

खाली काय घालायचं? जुनी सागवानी फळी असेल तर उत्तम. दाराची पडकी फळी, देव्हाऱ्याचं फडताळ, काहीही चालेल. मागे घोंगडी लावा. काळी घोंगडी उजेड पिऊन टाकते आणि पितळ तिच्यापुढे झळाळून उठतं. गोणपाट सगळ्यांना सुचतं, पण त्याची वीण इतकी ठसठशीत असते की बारीक नक्षी तिच्यात हरवते. ते जात्या-उखळासारख्या दांडग्या वस्तूंमागे लावा. पांढरी चादर चिनी मातीच्या बरणीमागे सोडून कुठेच नको. आणि काठपदराच्या साड्या तर ठेवाच बाजूला. साडी असली की डोळा साडीवरच जातो.

पडदा वस्तूपासून तीन-चार फूट मागे. वस्तूची सावली त्यावर पडत असेल तर अंतर कमी आहे.

⚠ जातं, पाटा, उखळ टेबलावर चढवू नका. त्यांची जागा जमिनीवर होती, फोटोतही ती जमिनीवरच बरी दिसतात, आणि पाठ तुमचीच आहे.

टप्पा ५ : कॅमेरा कुठे

अजून वस्तू मांडायची नाही. नुसता मधोमध एक तांब्या खुणेला ठेवा आणि कॅमेऱ्याची जागा पक्की करा.

मोबाइल वस्तूला खेटून नेणं ही दुसऱ्या क्रमांकाची चूक. जवळ गेलं की पुढचा भाग फुगतो, समईचं डोकं हत्तीएवढं आणि बैठक चिमुकली दिसते. शिवाय जितके जवळ, तितके तुम्ही भांड्यात मोठे. चार-पाच फूट मागे जा आणि मोबाइलला दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. नसेल तर साध्या लेन्सनेच काढा आणि नंतर कापा. अर्ध्या पटीची रुंद लेन्स या कामात बाद. कॅमेरा असेल तर ५० मिलिमीटरची साधी लेन्स पुष्कळ झाली.

उंची ठरवताना भांड्याच्या तोंडाकडे बघा. ते फोटोत लंबगोल दिसतं. अगदी समोरून काढलं तर तोंड सरळ रेघ होतं आणि भांडं कागदावर कापून चिकटवल्यासारखं वाटतं. फार वरून काढलं तर तोंडच तोंड दिसतं. तांब्या, चरवी, घागर यांना गळ्याच्या जरा वरची उंची बरोबर : तोंड अरुंद लंबगोल आणि पोटाची गोलाई पूर्ण. अडकित्ता, फणी, करंडा, पळी, उलथनं मात्र सरळ वरून काढा. त्यासाठी मोबाइलच्या कॅमेऱ्यात जाळीच्या रेघा चालू करा. बऱ्याच मोबाइलमध्ये वरून धरल्यावर दोन अधिकचिन्हं दिसतात, ती एकमेकांवर बसली की मोबाइल समतल झाला.

जागा ठरली की तिपाईच्या पायांशी जमिनीवर खडूने खुणा करा. घरातलं कुणीतरी तिला धक्का मारणारच.

टप्पा ६ : मांडणी

आता खुणेचा तांब्या काढा आणि मुख्य वस्तू ठेवा. एकटी. तिचं तोंड, कान, कडी, नक्षी कुठल्या बाजूला हवी ते कॅमेऱ्यातून बघत ठरवा. टेबलापाशी उभं राहून ठरवलेलं कॅमेऱ्यात कधीच तसं दिसत नाही. एकाने बघायचं, दुसऱ्याने फिरवायचं, ही दोघांची कामं आहेत.

मग दुसरी वस्तू, तिच्यापेक्षा ठेंगणी आणि जरा पुढे किंवा मागे. रांगेत नको. दोघींच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकल्यासारख्या दिसू देऊ नका. एकतर मधे स्पष्ट फट हवी, नाहीतर एकीने दुसरीला थोडं झाकावं. तिसरी हवीच असेल तर ती लहान : रवी, पळी, अडकित्ता. तिसरी ठेवल्यावर एक फोटो काढा, ती उचलून दुसरा काढा. दहातल्या आठ वेळा तिच्याशिवायचा फोटो चांगला निघतो.

मांडणीतले घोळ आपल्या भागात ठरलेले आहेत. खापर वाटीसारखं उताणं ठेवतात आणि त्यात फुलं घालतात! मांडे आणि पुरणपोळी करताना खापर चुलीवर पालथं असतं, पोळी त्याच्या फुगीर पाठीवर पडते. फोटोतही ते पालथंच हवं, म्हणजे काजळीचा काळा आणि भाजून पांढुरका झालेला भाग दोन्ही दिसतात. जात्यात पांढरे तांदूळ टाकतात, दिसायला चांगले म्हणून. आपल्या घरच्या जात्यात ज्वारी ओतली जायची, कळण्याचं पीठ हवं असेल तर सोबत उडीद. मूठभर ज्वारी, चार-दोन दाणे तळीवर सांडलेले, बास. पाट्यावर दोंडाईचा भागातली लाल मिरची ठेवली तर रंग येतो, पण दोन-तीनच, ढीग नको. आणि झेंडूच्या फुलांची आरास, मोगऱ्याची वेणी, गुलाबाच्या पाकळ्या, हे लग्नाच्या अल्बमसाठी राहू द्या.

आमच्या मोठ्या काकांनी मला अंगणात खापर लावताना बघितलं तेव्हा विचारलं होतं, "हाई भंगारना काय फोटू काढी ऱ्हायना रे भो?" अर्ध्या तासाने तेच वरवंट्याचा कल कुठल्या बाजूला असतो ते शिकवत होते. अशा माणसाला जवळ बसवून घ्या. मांडणीतल्या निम्म्या चुका तिथेच कळतात.

✔ तपासा : चौकटीत प्लास्टिकचं काही आहे का? चिमटा, पिशवीचं टोक, नळाची पांढरी तोटी? डोळा ते सोडून देतो, कॅमेरा सोडत नाही.

टप्पा ७ : उजेड घडवणं

इथे वेळ घालवा. बाकी सगळ्यापेक्षा जास्त.

समजा, पितळी तांब्या आहे. खिडकी डावीकडे. आत्ता त्याच्या पोटावर खिडकी दिसेल, गजांसकट. उभे गज, आडवी पट्टी, बाहेरचं लिंबाचं झाड, सगळं. हे घालवायला धोतर लागतं. ते खिडकीच्या चौकटीलाच लावण्याऐवजी खिडकी आणि तांब्याच्या मधे दोरीवर टांगा, तांब्यापासून एक-दीड फुटावर. जितकं जवळ तितकी पोटावरची उजळ पट्टी रुंद आणि मऊ होते. धोतराला चुण्या असतील तर त्याही उमटतात, म्हणून इस्त्री करा. हो, धोतराला इस्त्री. एका पदराने गज पूर्ण जात नसतील तर दुहेरी करा.

आता पोटावर डावीकडे गजांविना एक लांबट, दुधाळ पट्टी आहे. उजवी बाजू मात्र मागच्या पडद्यात मिसळून गेली असेल. तिथे पांढरा कार्डशीट उभा धरा, चौकटीच्या जेमतेम बाहेर. उजव्या कडेवर एक बारीक उजळ रेघ उमटेल आणि गोलाई पूर्ण होईल. कार्डशीट जवळ आणला की रेघ जाड होते, लांब नेला की बारीक. डाव्या पट्टीहून ती बारीकच राहू द्या. दोन्ही सारख्या झाल्या की तांब्या नळकांडं दिसतो.

मग काळा कार्डशीट. हा लोक वापरतच नाहीत आणि पितळेची खरी गंमत त्यातच आहे. उजळ पट्टीच्या शेजारी गडद पट्टी असली तरच धातू धातूसारखा दिसतो, नाहीतर पिवळ्या प्लास्टिकसारखा दिसतो. धोतराच्या कॅमेऱ्याकडच्या कडेला काळा कार्डशीट उभा लावा आणि हळूहळू पुढे सरकवा. तांब्याच्या पोटावर एक काळी कड आत येताना दिसेल. हवी तिथे थांबा, चिमटा लावा.

राहिले तुम्ही. गोल भांड्यातून तुम्ही कधीच पूर्ण जाणार नाही, लपायला जागा नसते. पण अंधारात काळ्या कपड्यातला माणूस दिसत नाही. गडद शर्ट घाला, तुमच्या पाठीमागची दारं-खिडक्या बंद करा, टायमर लावा आणि बाजूला व्हा. तिपाई चकाकणारी असेल तर तिच्यावर काळं फडकं टाका.

जुन्या भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं. लग्नात कुणी कुणाला दिलं, कधी कधी साल. ते समोरून कधीच वाचता येत नाही. भांडं असं फिरवा, की नाव उजळ पट्टी आणि काळी पट्टी यांच्या सीमेवर येईल. उजेड तिरका लागला की प्रत्येक ठिपक्याला एका बाजूला सावली मिळते आणि अक्षरं आपोआप उठतात. तांबटाच्या ठोक्यांचंही तेच. माझ्याकडच्या एका घागरीवर नाव आहे हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. फोटोसाठी फिरवताना ते दिसलं, आणि ते आजीच्या माहेरचं निघालं.

इतर वस्तूंचं थोडक्यात. कंदिलाची काच : मागे पांढरा कार्डशीट पण काचेपेक्षा थोडाच मोठा, आणि दोन्ही बाजूंना काळे, म्हणजे काचेच्या कडा काळ्या रेघेने आखल्यासारख्या दिसतात. चिनी मातीची बरणी : धोतर आणि एक पांढरा कार्डशीट पुरे. लोखंडी तवा, विळी, खलबत्ता : उजेड खालून-बाजूने, टेबलाच्या पातळीवरून, म्हणजे खरबरीतपणा दिसतो. लाकूड सगळ्यात सोपं, फक्त उजेड त्याच्या रेषांना आडवा पडू द्या.

⚠ चमक घालवायला पोलरायझर फिल्टर घ्या असं कुणी सांगितलं तर पैसे वाचवा. काचेवरची आणि पॉलिशच्या लाकडावरची चमक त्याने कमी होते, उघड्या धातूवरची होत नाही.

⚠ फ्लॅश नाही. कधीच नाही.

टप्पा ८ : फोटो

मोबाइलची लेन्स पुसा. स्वयंपाकघरात फिरलेल्या मोबाइलवर तेलाचा हात असतोच आणि त्याने प्रत्येक चमकेभोवती धुकं येतं.

पोर्ट्रेट मोड बंद. तो घागरीचं पोट ओळखतो, पण कंदिलाची तार, तांब्याची कडी, समईचं टोक ही मागची वस्तू समजून पुसून टाकतो. मला आलेल्या फोटोंपैकी बऱ्याच कंदिलांना कडीच नसते.

वस्तूच्या कॅमेऱ्याकडच्या कडेवर, नक्षी किंवा नाव असेल तर त्यावर, बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड दोन्ही अडकतील. मग बोट खाली सरकवून फोटो जरा अंधारा करा. काळ्या घोंगडीपुढे मोबाइलला सगळं काळं दिसतं, म्हणून तो उजेड वाढवतो आणि पितळेवरची पट्टी पांढरीफटक होते. तिथला तपशील गेला तो गेलाच. पांढऱ्या बरणीला उलट, जरा उजेड वाढवावा लागतो, नाहीतर ती राखाडी येते.

कॅमेरा असेल तर आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ८, आणि शटर (ते किती वेळ उघडं राहतं) जे येईल ते. तिपाईवर अर्धा सेकंद आला तरी बिघडत नाही, वस्तू कुठे पळत नाहीत. एफ १.८ ने धूसर पार्श्वभूमी मिळते हे खरं, पण तांब्याचं पोट फोकसमध्ये आणि कान धूसर, असा फोटो मला तरी अपुरा वाटतो. वस्तू पूर्ण दिसू द्या. मागचं धूसर व्हायला चार फुटांचं अंतर आहेच. दोन सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबतानाचा हादरा जातो.

रात्रीच काम करावं लागत असेल तर एकाच जातीचा एकच दिवा धोतरामागे ठेवा. एलईडीखाली फोटोत आडवे काळे पट्टे येत असतील तर शटर १/५० किंवा १/१०० करून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साध्या एलईडीचा लुकलुकाट त्या वेगाला जुळतो.

पहिला फोटो नुसत्या पांढऱ्या कागदाचा काढा, त्याच उजेडात, वस्तूच्या जागी. नंतर रंग सुधारताना हा कागद पांढरा करायचा आणि तेच बदल बाकीच्यांना लावायचे. पितळेचा पिवळा अंदाजाने जुळवायला गेलात की तो हमखास सोन्याचा होतो.

✔ तपासा, आणि मांडणी मोडायच्या आधी तपासा : फोटो पूर्ण मोठा करून चारी कोपरे, मग भांड्याचं पोट, मग तोंडाची कड. धागा, धूळ, ठसा, उभ्या रेघांचा कल. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर सगळंच बरं दिसतं. जमलं तर लॅपटॉपवर बघा. एकदा मांडणी मोडली की काळ्या कार्डशीटची ती जागा पुन्हा सापडत नाही.

टप्पा ९ : नंतर

सुधारणा कमीत कमी. पांढरा रंग जुळवा, वाकडं सरळ करा, धुळीचे ठिपके पुसा. 'जुना' दिसावा म्हणून पिवळट फिल्टर लावू नका, वस्तू जुनी आहेच.

त्याच बैठकीत प्रत्येक वस्तूचा एक साधा फोटोही काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि तळाचा एक. वस्तूचं घरातलं नाव, कुणाकडून आली, कशाला वापरायचे, हे वहीत लिहा किंवा आजीच्या आवाजात रेकॉर्ड करा. तिने एकेका भांड्याला वापरलेला शब्द तुमच्या शब्दापेक्षा वेगळा असेल, तोच लिहा.

परत ठेवताना भांडी पूर्ण कोरडी करून सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल अडकते आणि पावसाळ्यात हिरवी पूड धरते. आणि सान्यावर कापड टाकलं असेल तर ते काढायला विसरू नका. अमळनेरजवळच्या आमच्या गावच्या घरी मी ते तसंच ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी पहाटे काकूंनी पाणी तापवायला चूल पेटवली आणि धुराने सगळं घर खोकत अंगणात आलं.